'पूर्ण व्हा' या वचनामागचा इतिहास

जसा तुमचा स्वर्गीय पिता पूर्ण आहे तसे तुम्ही पूर्ण व्हा, असं येशू बायबलमध्ये म्हणतो, मत्तय 5:48. हे वचन वाचलं की कितीतरी विश्वासणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो, माझ्याही यायचा, कारण सकाळी प्रार्थना करून उठायचं आणि दुपारपर्यंत कुणावर तरी खेकसून झालेलं असायचं. हा 'पूर्ण' शब्द आला कुठून आणि मंडळीने, म्हणजे चर्चने, त्याचं वेळोवेळी काय केलं हे बघितल्यावर मला ते वचन नीट वाचता यायला लागलं, म्हणून हे लिहितोय.

बायबलच्या जुन्या करारातला हिब्रू शब्द आहे तामीम, म्हणजे निर्दोष, अखंड. वल्हांडणासाठी, म्हणजे मिसरातून सुटकेच्या यहुदी सणासाठी, निर्दोष कोकरू निवडा असं निर्गम 12:5 मध्ये सांगितलंय ना, तिथे हाच शब्द आहे, म्हणजे घरातला माणूस कोकराचे पाय, डोळे, कान तपासतोय, कुठे खोट नाही ना म्हणून. आणि हाच शब्द अनुवाद 32:4 मध्ये देवाच्या कृतीला लावलाय, तेही देवाला खडक म्हणत. हे मोशेचं गीत आहे, चाळीस वर्षं रानात फिरलेल्या लोकांसमोर म्हटलेलं. सगळं मनासारखं झालं म्हणून देव परिपूर्ण, असा तिथे सूरच नाही, पायाखाली टेकायला काहीतरी घट्ट आहे एवढंच आहे. मला सगळ्यात आवडतं ते स्तोत्र 18. तिसाव्या ओवीत देवाचा मार्ग तामीम, आणि लगेच बत्तिसाव्या ओवीत तो माझाही मार्ग तामीम करतो. आधी त्याचं पूर्णपण, मग माझं चालणं, क्रम उलटा नाही.

नव्या करारात ग्रीक शब्द येतो तेलेइओस, तो तेलोस म्हणजे शेवट किंवा ध्येय यावरून आलाय. पिकलेला, वाढ पूर्ण झालेला असा त्याचा अर्थ, इब्री 5:14 मध्ये दूध सुटून जड अन्न खाणाऱ्या प्रौढांना हाच शब्द वापरलाय. आणि मत्तयातलं वचन कशानंतर येतं ते बघा, शत्रूवर प्रीती करा, तो पिता वाइटांवर आणि चांगल्यांवर सारखाच सूर्य उगववतो, त्यानंतर. लूकने तर त्याच जागी दयाळू व्हा असंच लिहिलंय, 6:36.

पुढे मात्र वाट थोडी वळली. साधारण 270 च्या सुमारास इजिप्तमध्ये अँथनी नावाच्या तरुणाने उपासनेत मत्तय 19:21 ऐकलं, पूर्ण व्हायचं असेल तर जाऊन आपली मालमत्ता विक, आणि त्याने खरंच वडिलोपार्जित जमीन सोडली आणि शेवटी अरण्यात गेला. त्याच्या आज्ञापालनापुढे मी मान झुकवतो. पण त्यातून हळूहळू अशी समजूत रुजली की पूर्णता मठातल्यांची, आणि लेकरंबाळं, शेतीवाडी, धंदापाणी बघणारे दुसऱ्या पंक्तीतले, आणि ही समजूत शेकडो वर्षं टिकली.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाजियस नावाचा एक ख्रिस्ती शिक्षक म्हणायला लागला की देवाने आज्ञा दिली म्हणजे माणसाला ती स्वतःच्या बळावर पाळता येणारच. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याची एक प्रार्थना होती, तू जे आज्ञापितोस ते दे आणि मग हवं ते आज्ञाप, ती ऐकून पेलाजियस चिडला होता. 418 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज इथल्या बिशपांच्या सभेने पेलाजियसचं मत नाकारलं, आणि त्यात एक ठराव असा होता की पवित्र जनसुद्धा प्रभूच्या प्रार्थनेत 'आमची ऋणे आम्हांस सोड', म्हणजे आमच्या पापांची क्षमा कर, असं म्हणतात ते केवळ नम्रता म्हणून नाही, ते खरंच स्वतःसाठी मागतात. ती प्रार्थना म्हणताना मला हे हमखास आठवतं.

सोळाव्या शतकात जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने ठणकावून सांगितलं की चांभार, आई, मोलकरीण यांचं कामही देवाचंच पाचारण आहे. पण ते जगून कसं दिसतं हे मला तरी पॅरिसच्या एका मठाच्या स्वयंपाकघरात जास्त कळलं. ब्रदर लॉरेन्स, मूळचा सैनिक, पायाला जखम होऊन अधू झालेला, 1691 मध्ये वारला. अठराव्या वर्षी त्याने हिवाळ्यातलं एक निष्पर्ण झाड बघितलं आणि त्याच्या मनात आलं की याला परत पानं येतील, फुलं येतील, फळं धरतील, आणि देवाच्या काळजीवरचा त्याचा भरवसा तिथून सुरू झाला. स्वयंपाकाची त्याला मुळात नावड होती, तरी वर्षानुवर्षं तेच केलं, तव्यावरचं ऑम्लेटसुद्धा देवाच्या प्रीतीखातर उलटतो म्हणायचा. भांड्यांच्या खडखडाटात आणि गुडघे टेकून प्रार्थना करताना त्याला देव सारखाच जवळ वाटायचा.

अठराव्या शतकात या भरवशाला मोठा धक्का बसला. 1710 मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लायबनिट्झने मांडलं होतं की परिपूर्ण देवाने निर्माण केलेलं हे जग शक्य असलेल्या जगांत सर्वोत्तम आहे. मग 1 नोव्हेंबर 1755 ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये असताना पोर्तुगालच्या लिस्बनला भूकंप झाला, पाठोपाठ समुद्र आत आला, आग लागली, हजारो माणसं गेली. त्या हिशेबी मांडणीवरचा विश्वास युरोपात पुष्कळांचा उडाला आणि मला ते समजतं, मेलेल्या लेकराच्या आईला सर्वोत्तम जगाचं गणित सांगणं क्रूरपणाच आहे. मोशेचं रानातलं ते जुनं गीत असा हिशेब मांडतच नाही, ते खडकाला धरून राहायला सांगतं.

त्याच शतकात इंग्लंडमधला मेथडिस्ट उपदेशक जॉन वेस्लीने हा विषय पुन्हा सामान्य माणसांच्या हाती दिला. 1766 मध्ये त्याने ख्रिस्ती पूर्णतेवर पुस्तक काढलं आणि त्यात स्पष्ट केलं की निष्पाप पूर्णता हा शब्द मी वापरत नाही, माणूस अज्ञानातून चुकतच राहणार, मी बोलतोय ते देवावर आणि शेजाऱ्यावर मनापासून करायच्या प्रीतीबद्दल. त्याचे लोक लहान गटांत आठवड्याला भेटून एकमेकांना विचारायचे, तुझ्या जिवाचं कसं काय चाललंय.

आणि या सगळ्याच्या कितीतरी आधी प्रेषित पौलाने तुरुंगातून फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या मंडळीला, लिहिलं होतं की मी अजून पूर्ण झालेलो नाही, 3:12. तीनच ओव्या खाली, 3:15 मध्ये, तोच लिहितो, आपण जितके पूर्ण आहोत तितक्यांनी हीच वृत्ती ठेवावी. दोन्हीकडे एकाच मुळातला शब्द, आणि मध्ये काय आहे तर मागचं विसरून पुढे धावणं.