भाजलेल्या जखमांच्या उपचारातील वेदनाशमन व गुंगी

भाजलेली जखम धुताना, मृत त्वचा काढताना किंवा ड्रेसिंग बदलताना रुग्णाला होणारा त्रास कमी करण्यासाठी दिली जाणारी औषधे व केले जाणारे इतर उपाय. वेदनाशमन आणि गुंगी यांचा उल्लेख बहुधा जोडीने होतो, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिडाझोलम हे गुंगीचे औषध दिल्यावर रुग्ण शांत होतो, पुष्कळदा त्याला नंतर काही आठवतही नाही; मात्र या औषधाने दुखणे थांबत नाही. नुसती गुंगी देऊन जखम साफ केली, तर रुग्णाला दुखतेच, फक्त ते सांगता येत नाही. ही चूक गंभीरच मानली पाहिजे.

फोड आलेली, त्वचेच्या वरच्या थरांतली जखम सर्वांत जास्त दुखते, कारण तिथले मज्जातंतू जिवंत असतात आणि उघडे पडलेले असतात. खोल जखमेत ते जळून जातात. तरी तिच्या कडा दुखतातच.

सततच्या दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, मॉर्फिन यांसारखी औषधे ठरावीक वेळेला देतात. ड्रेसिंगच्या वेळी त्यात जलद काम करणाऱ्या फेंटानिल किंवा केटामीनची भर घालतात. मोठ्या जखमांत सुरुवातीला स्नायूत इंजेक्शन टाळतात. रक्तपुरवठा मंदावल्याने औषध तिथेच साचते, आणि पुढे एकदम रक्तात उतरून श्वास दाबू शकते. म्हणून शिरेतून, थोडे थोडे देतात.

१९७० साली अमेरिकेत मान्यता मिळालेले केटामीन येथे फार उपयोगी पडते. डोळे उघडे असतात, श्वास बहुधा स्वतःचा चालू राहतो, रक्तदाब सहसा उतरत नाही, तरीही दुखत नाही. लाळ वाढते आणि शुद्धीवर येताना भीतिदायक भास होऊ शकतात. हे भास टाळण्यासाठी सोबत थोडे मिडाझोलम देतात. खोल गुंगीपूर्वी हलके जेवण ६ तास आणि पाणी २ तास आधी बंद करतात. श्वास व ऑक्सिजनवर लक्ष ठेवायला ड्रेसिंग न करणारी वेगळी प्रशिक्षित व्यक्ती लागतेच.

औषधाइतकेच महत्त्व हाताच्या कामाला आहे. चिकटलेली पट्टी ओढायची नसते. सलाईनने भिजवून ती सुटेपर्यंत थांबायचे असते. पहिले ड्रेसिंग फार दुखले, तर पुढच्या वेळी मूल ट्रॉलीच्या आवाजानेच रडू लागते. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी ड्रेसिंगच्या वेळी रुग्णांना संगणकाने उभ्या केलेल्या आभासी (व्हर्च्युअल रिॲलिटी) बर्फाळ जगात गुंतवून पाहिले, आणि लक्ष तिकडे वळल्याने वेदना कमी जाणवल्याचे आढळले.

जखम भरत आली की दुखण्यासोबत खाज सुरू होते. ती झोप उडवते आणि नवी त्वचा खाजवून फाटते. तिच्यासाठी गॅबापेंटिनसारखी औषधे वापरतात.