पानांची धूळधाण

गोव्यातील डिचोली, सांगे, केपे भागात खनिजाचे ट्रक धावू लागले की रस्त्याकडेच्या आंब्या-काजूंची पाने धुळीच्या थराने तांबडी होतात. मुरगाव बंदराजवळ हाच थर काळा, कोळशाचा. जून-सप्टेंबरच्या पावसात तो धुऊन जातो. पण आंबा-काजूचा मोहोर आणि फळ येते ते नेमके कोरड्या महिन्यांत, म्हणून ही धूळ मला नगण्य वाटत नाही.

आंब्याच्या पानाची रंध्रे, म्हणजे श्वासाची बारीक छिद्रे, खालच्या बाजूला असतात. त्यामुळे वर बसलेली धूळ त्याचा श्वास फारसा कोंडत नाही, ती ऊन अडवते. लोहखनिजातला हेमॅटाइट पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेव्हा पानात लोखंड शिरते असेही नाही. ऊन घटले की पानात साखर कमी बनते आणि साखरेपासूनच पान क जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल तयार करते.

या आम्लाची खरी गरज वायूंशी झुंजताना लागते. वाहनांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडांपासून उन्हात ओझोन बनतो. तो रंध्रांतून आत शिरला की पेशींची आवरणे जाळू पाहतो. पेशीभित्तीतले क जीवनसत्त्व आधी स्वतः खर्ची पडते. सल्फर डायऑक्साइड पानातल्या ओलाव्यात विरघळून आम्ल होतो. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. आम्ल त्याला हुसकावते, जागी हायड्रोजन बसतो आणि उरते ते तपकिरी झाक असलेले फिओफायटिन. भेंडीत सोलां (कोकम) घातली की तिचा हिरवा रंग मळतो, ती हीच अभिक्रिया.

कोणते झाड प्रदूषण सोसते हे ठरवायला सिंग आणि राव यांचे 1983 चे सूत्र आजही वापरतात. एकूण हरितद्रव्यात पानाच्या रसाचा सामू (pH, रस जितका आंबट तितका तो कमी) मिळवायचा, त्या बेरजेला क जीवनसत्त्वाने गुणायचे, पानातल्या पाण्याची टक्केवारी मिळवायची आणि 10 ने भागायचे. सामूला जागा आहे ती उगाच नाही: रस जितका कमी आंबट, तितके हे जीवनसत्त्व अधिक प्रभावी.

आकडा मोठा आला की झाड ‘सहनशील’ ठरते आणि रस्त्याकडेला लावायच्या यादीत जाते. सहनशील म्हणजे निरोगी नव्हे. बचावावर किती साखर खर्च झाली हे तो आकडा सांगत नाही. शिवाय या सूत्रात धुळीला स्वतंत्र स्थानच नाही. खाणपट्ट्यात तेवढ्यावर भागणार नाही. पान धुवावे, ते पाणी गाळून धूळ वाळवून तोलावी आणि दर चौरस सेंटिमीटरला किती बसली ते सूत्राच्या आकड्याशेजारी लिहावे.