बुकर आणि मॅचमेकर: एकाच चेहऱ्याचे दोन वेगळे खेळ

ब्रॉक लेस्नर आणि केन व्हेलास्केझ हे दोघे एकमेकांसमोर दोनदा उभे राहिले. २३ ऑक्टोबर २०१० रोजी यूएफसीच्या, म्हणजे खऱ्या झुंजी लावणाऱ्या कंपनीच्या, पिंजऱ्यात व्हेलास्केझने पहिल्याच फेरीत लेस्नरला बदडलं आणि त्याचा हेवीवेट विजेतेपदाचा पट्टा काढून घेतला. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी रियाधमध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या, म्हणजे मनोरंजनाच्या रेसलिंगच्या, रिंगमध्ये लेस्नरने त्याच व्हेलास्केझला दोनेक मिनिटांत शरण यायला लावलं. पहिल्या वेळी काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वेळी ते आधीच ठरलेलं होतं.

रेसलर किंवा फायटरांची फौज सांभाळायचे जे सिम्युलेशन खेळ आहेत, त्यांत नव्याने आलेला माणूस नेमका इथेच गोंधळतो. त्याचा दोष नाही, कारण हे खेळ दिसायला जुळ्या भावंडांसारखे असतात. 'टोटल एक्स्ट्रीम रेसलिंग' आणि 'वर्ल्ड ऑफ मिक्स्ड मार्शल आर्ट्स' हे दोन्ही ॲडम रायलँड यांचेच, दोन्ही ग्रे डॉग सॉफ्टवेअरचे. ना ग्राफिक्स, ना बटणं बडवणं. पडद्यावर नुसते तक्ते, नावं, आकडे, करार आणि पुढच्या शोची तारीख. दोन्हीकडे कंपनी तुमच्या हातात. माणसं घ्यायची, जोड्या लावायच्या, तिकिटं खपवायची, तिजोरी रिकामी होऊ द्यायची नाही. फरक एवढाच की पहिल्या खेळात मॅच लावताना 'कोण जिंकणार' हेही तुम्हीच भरता, आणि दुसऱ्यात ती जागाच नसते. पण त्या एका जागेपायी बाकी सगळ्या आकड्यांचा अर्थ फिरतो.

आधी रेसलिंगचं बघू, कारण माझ्या मते जास्त अवघड तेच आहे. इथे तुम्ही बुकर असता, म्हणजे कोण कुणाला कधी हरवणार हे ठरवणारा, आणि त्या ठरवण्यालाच बुकिंग म्हणतात. निकाल हातात असल्यावर अवघड काय, असं वाटतं खरं. पण निकाल हातात असला की विजय हे भांडवल होतं आणि ते कुठे गुंतवायचं हा रोजचा प्रश्न होतो. अंडरटेकर या रेसलरची रेसलमेनिया या वार्षिक मोठ्या शोमधली २१-० ही विजयांची मालिका डब्ल्यूडब्ल्यूईने अनेक वर्षं जपली आणि ६ एप्रिल २०१४ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये एका झटक्यात लेस्नरच्या पदरात टाकली. प्रेक्षक सुन्न झाले. मग त्याच ऑगस्टमध्ये समरस्लॅमला लेस्नरने जॉन सीनाला अक्षरशः आपटून आपटून एकतर्फी हरवलं आणि विजेतेपद घेतलं. तो निकाल लोकांना पटला, कारण पाठीशी एप्रिलचं वजन होतं. निर्णय बरोबर होता की चूक यावर चाहते आजही भांडतात, पण बुकिंग म्हणजे काय ते या पाच महिन्यांत पुरेपूर दिसतं.

आता हेच तुमच्या पडद्यावर आणू. समजा तुमचा मुख्य रेसलर आहे, लोकप्रियता ८०, वय चाळिशीपार, करार संपायला तीन महिने. खाली एक पोरगा आहे, लोकप्रियता ४०, पण रिंगमधलं काम झकास. म्हातारा जाणारच आहे, मग त्याने जाता जाता पोराला वर ढकलून जावं, हे सरळ गणित. पण पहिल्याच आठवड्यात पोराला थेट जिंकवलं तर त्या विजयाला काही पार्श्वभूमी नसते. म्हणून आधी एक फ्यूड, म्हणजे दोघांमधलं वैर, उभं करायचं. पहिल्या मॅचमध्ये पोरगा हरतो, पण कुणाच्या तरी ढवळाढवळीमुळे, म्हणजे त्याची पत शाबूत राहते. मधे माईकवर एक-दोन खडाजंगी. मग मोठ्या शोमध्ये सरळ, निर्विवाद विजय, म्हणजे क्लीन फिनिश. म्हाताऱ्याची लोकप्रियता थोडी उतरेल, तर उतरू दे. तो आकडा तसाही करार संपला की दुसऱ्या कंपनीच्या दारात जाणार होता.

नवखा खेळाडू याच्या नेमकं उलट करतो. आवडता रेसलर दर आठवड्याला जिंकतो, पट्टा वर्षभर त्याच्याच कमरेला. सहा महिन्यांनी शिखरावर एकच माणूस उरतो आणि त्याच्यासमोर उभं करायला कुणी नसतं, कारण बाकी सगळे त्याच्याकडून हरून हरून फुकट गेलेले असतात.

आकड्यांचा अर्थ फिरतो म्हणालो, त्याचा मला सगळ्यात आवडणारा नमुना म्हणजे 'टोटल एक्स्ट्रीम रेसलिंग'मधला सेफ्टी हा गुण. समोरच्याला इजा न करता मूव्ह मारता येते का, हे तो सांगतो. हा आकडा पडलेला रेसलर कितीही धडाकेबाज दिसो, मेन इव्हेंटला लावताना हात थरथरतो. उद्या त्याने तुमच्या स्टारचीच मान दुखावली तर? झुंजीच्या खेळात असा गुण ठेवला तर हसू येईल, कारण तिथे समोरच्याला आडवं करण्याचेच पैसे मिळतात. मायक्रोफोन, करिष्मा आणि सायकॉलॉजी, म्हणजे मॅच कशी रंगवत न्यायची याची जाण, हेही इथे ताकदीच्या बरोबरीने मोजलं जातं. इथे दोन रेसलर एकमेकांचे प्रतिस्पर्धी नसतातच, ते मिळून एक मॅच बनवतात आणि मार्क त्या मॅचला मिळतात.

झुंजीच्या खेळात तुम्ही मॅचमेकर असता. जोडी लावायची आणि हात बांधून बसायचं. तरी लोकप्रियतेचा मोह इथेही सुटत नाही. २ फेब्रुवारी २००८ रोजी, यूएफसी ८१ मध्ये, लेस्नरची तिथली पहिली लढत फ्रँक मीरशी लावली गेली. मीर हेवीवेटचा माजी विजेता आणि लेस्नरची मिक्स्ड मार्शल आर्ट्समधली ही जेमतेम दुसरी लढत. नावावर गर्दी खेचता येते, म्हणून एवढी मोठी लढत मिळाली. लेस्नरने मीरला लगेच खाली पाडून ठोसेही लगावले, पण दीड मिनिटात मीरने त्याचा पाय पकडून गुडघा पिळला आणि विषय संपला. सहा वर्षं आधी, २००२ च्या समरस्लॅममध्ये, डब्ल्यूडब्ल्यूईने याच लेस्नरला द रॉकवर जिंकवून पंचविसाव्या वर्षी विजेता केलं होतं. तशी सोय यूएफसीकडे नव्हती. पुढे नोव्हेंबर २००८ मध्ये रँडी कुतूरला हरवून तो तिथेही विजेता झाला, पण तो पट्टा त्याला कुणी दिलेला नव्हता.

म्हणून या खेळात जोडी लावताना 'हा जिंकला तर काय' एवढं विचारून भागत नाही, 'हा हरला तर काय' हेही तितकंच विचारावं लागतं. दोन्ही निकालांतून पुढची विकाऊ लढत निघत असेल तर ती जोडी चांगली. तुमचा उगवता फायटर उभ्याने ठोसेबाजीत वाघ आहे, पण टेकडाउन, म्हणजे खाली पाडण्याचे डाव, रोखता येत नाहीत, तर त्याच्यासमोर इतक्यात तगडा ग्रॅपलर, म्हणजे पकडीचा फायटर, नको. ही पार्शलिटी झाली का? झाली, खऱ्या जगातले मॅचमेकरही ती करतात. पण तिला मर्यादा आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये मेलबर्नला होली होमने रोंडा राउझीला दुसऱ्या फेरीत लाथ मारून नॉकआउट केलं, तेव्हा यूएफसीचा सगळ्यात मोठा चेहरा एका क्षणात कोसळला. तुमच्या खेळातही असा दिवस येतोच. एकाच स्टारवर सगळी मदार ठेवली असेल तर पुढच्या तीन शोचं पोस्टर फाडून टाकावं लागतं. त्यामुळे इथे प्रत्येक वजनगटात दुसरा, तिसरा, चौथा दावेदार तयार लागतो. रेसलर दर आठवड्याला टीव्हीवर येऊ शकतो, फायटर वर्षाकाठी मोजक्याच वेळा लढतो. तीस जणांची फौज एकीकडे भरगच्च वाटते आणि दुसरीकडे अपुरी पडते.

करारांतही हाच फरक डोकावतो. फायटर जास्त पैसे मागेल, प्रतिस्पर्धी नाकारेल. रेसलर हरायलाच नकार देऊ शकतो, कारण काही करारांत क्रिएटिव्ह कंट्रोलचं, म्हणजे आपल्या कथेवर नि निकालावर रेसलरला हक्क देणारं, कलम असतं. खऱ्या जगात याच कलमावरून ९ नोव्हेंबर १९९७ रोजी माँट्रियलमध्ये रामायण घडलं. विजेता ब्रेट हार्टला तिथे पट्टा सोडायचा नव्हता, तर कंपनीचा मालक विन्स मॅकमहनने त्याला अंधारात ठेवून ऐन मॅचमध्ये घंटा वाजवायला लावली आणि त्याला हरलेला ठरवलं. मोठ्या नावावर सही घेताना हे कलम नीट वाचा.

गोंधळ वाढवणारा तिसरा प्रकारही आहे. डब्ल्यूडब्ल्यूई २के२२ या व्हिडिओ गेममध्ये, म्हणजे २०२२ साली आलेला मायजीएम मोड. रेसलर तेच, फेस (नायक) आणि हील (खलनायक) तेच, पण विजेता तुम्ही ठरवत नाही. मॅच स्वतः खेळा, नाहीतर कॉम्प्युटरवर सोडा. जोडी जमवणं मात्र महत्त्वाचं, म्हणजे रेसलरांच्या शैलीनुसार पडलेल्या गटांत फायटर गटासमोर ब्रूझर, जायंटसमोर क्रूझर आणि शक्यतो फेसविरुद्ध हील. रेसलिंगच्या कपड्यांतला हा अर्धा मॅचमेकरच. बुकिंगची सवय लागलेला माणूस इथे चरफडतो आणि ते मला समजतं.

राहिला सेव्ह फाइलचा प्रश्न. झुंजीच्या खेळात लाडका हरला म्हणून जुनी सेव्ह उघडून लढत पुन्हा चालवायची म्हणजे खेळातला जीवच काढून घेणं, तेवढं कटाक्षाने टाळा. रेसलिंगच्या खेळात मात्र मॅच पडली आणि बुकिंग कुठे फसलं ते बघायचं असेल, तर त्याच शोची वेगळी कॉपी काढून फिनिश बदलून बघायला माझी काहीच हरकत नाही. मॅचमधला क्रम बदलला, मेन इव्हेंटच्या आधीची मॅच जरा हलकी ठेवली, की रेटिंग किती हलतं हे असंच कळतं.