जटेखालची त्वचा

ड्रेडलॉक्स, म्हणजे हौसेने केलेल्या केसांच्या दोरीसारख्या जटा, धुतले की सुटतात, असा एक समज घट्ट रुजलेला आहे. त्यामुळे नव्याने लॉक्स केलेली मुलं-मुली महिना महिना डोक्यावरून पाणी घेत नाहीत. मग खाज सुटते, काळ्या कपड्यांवर कोंडा दिसू लागतो आणि घरातलं कुणीतरी सांगतं, "डोकं कोरडं पडलंय, तेल चोळ." तेल चोळलं की खपल्या त्वचेला चिकटून बसतात, त्यामुळे दोन दिवस बरं वाटतं. पुढे कोंडा आणखी जोमाने येतो.

या सगळ्यात केस आणि त्वचा यांची गल्लत होते. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याला ना भूक, ना आजार. त्याच्या बुडाची त्वचा मात्र जिवंत असते, घाम आणि तेल सोडत असते, रोज थोडी थोडी कात टाकत असते. केसांचा गुंता कितीही जुना असो, काळजी घ्यायची ती मुख्यतः या त्वचेची.

आधी गुंत्याविषयी. केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा तंतू, आणि त्यावर अतिसूक्ष्म खवल्यांचं आवरण. या खवल्यांची तोंडं केसाच्या टोकाकडे असतात. एक लांब केस चिमटीत धरून मुळापासून टोकाकडे बोटं फिरवली तर तो गुळगुळीत लागतो. टोकाकडून मुळाकडे फिरवली तर किंचित खरखरतो. ओल, ऊब आणि घर्षण मिळालं की केस एकमेकांत सरकतात, पण या खवल्यांमुळे पुन्हा मागे येऊ शकत नाहीत. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात धुतला की आटतो तो याच कारणाने. तेलकट केसांवरून केस घसरतात, स्वच्छ केस एकमेकांना धरून राहतात. म्हणजे नियमित धुतल्याने लॉक्स घट्ट व्हायला मदतच होते. अगदी नवे, आठवडाभराचे लॉक्स जपून धुवावे लागतात, एवढंच खरं.

दुसरी गोष्ट गळणाऱ्या केसांची. माणसाचे रोज साधारण ५० ते १०० केस गळतात. एरवी ते कंगव्यात येतात, लॉक्समध्ये मात्र जागच्या जागी अडकून राहतात. केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो आणि त्याचा वाढीचा काळ बहुधा दोन ते सहा वर्षांचा असतो. मग तो गळतो आणि त्या जागी नवा येतो. हे गणित एखाद्या साधूच्या दीड मीटर लांब जटेला लावून पाहा. तेवढ्या लांबीला बारा वर्षांहून जास्त काळ लागतो. म्हणजे मुळापासून टोकापर्यंत सलग गेलेला एकही केस त्या जटेत बहुधा नसतो. गळलेले केस गळलेल्या केसांना धरून ती तयार झालेली असते, आणि तिच्या टोकाचा भाग डोक्यावरच्या कुठल्याही वाढत्या केसाहून जुना असतो. मला हे फार विलक्षण वाटतं.

आज जगभर ओळखले जाणारे ड्रेडलॉक्स आले ते जमैकातल्या रास्ताफारी पंथातून. इथिओपियात १९३० साली हैले सेलासी सम्राटपदावर आला. त्याआधी तो रास तफारी या नावाने ओळखला जाई, आणि त्याच नावावरून पंथाला नाव मिळालं. डोक्याला वस्तरा न लावण्याचं बायबलमधलं व्रत हा त्यांच्या केसांमागचा एक मोठा आधार आहे. ते व्रत वस्तऱ्याबद्दल बोलतं, पाण्याबद्दल नाही. जमैकाचा गायक बॉब मार्ले याच्यामुळे १९७० च्या दशकात हे केस जगापुढे आले, पण लॉक्स म्हणजे न धुतलेलं डोकं हा गैरसमजही सोबत पसरला.

आता कोंडा. आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर मॅलासेझिया नावाची एक यीस्ट, म्हणजे एकपेशीय बुरशी राहते. तुमच्या, माझ्या, कोंडा नसलेल्यांच्याही. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच कोंड्याच्या खपल्यांमध्ये ती पाहिली होती. तिचं नाव त्याच्यावरून पडलं. २००७ साली मॅलासेझिया ग्लोबोसा या जातीची जनुकीय मांडणी प्रसिद्ध झाली तेव्हा एक मजेशीर उणीव समोर आली. स्निग्धाम्ल (तेला-चरबीतलं फॅटी अ‍ॅसिड) तयार करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, बहुतेक सजीवांकडे असतं, या यीस्टकडे त्याचं जनुकच नाही. जगण्यासाठी लागणारी स्निग्धाम्लं तिला आयती मिळवावी लागतात. प्रयोगशाळेत तिला वाढवायचं तर माध्यमात ऑलिव्ह तेलासारखं काहीतरी घालतात. आपल्या डोक्यावर तिची ही सोय तैलग्रंथी करून ठेवतात.

ही यीस्ट आपली विकरं बाहेर सोडते, त्वचेवरच्या तेलाचे तुकडे करते, त्यातली संपृक्त स्निग्धाम्लं खाऊन टाकते आणि ओलिक आम्लासारखी असंपृक्त स्निग्धाम्लं मागे सोडते. हे ओलिक आम्ल त्वचेच्या वरच्या थरात शिरतं. काहींच्या त्वचेला त्याचं काहीच वाटत नाही. काहींची त्वचा मात्र चिडते. कोंड्याची प्रवृत्ती असलेल्यांच्या डोक्यावर शास्त्रज्ञांनी नुसतं ओलिक आम्ल लावून पाहिलं, तर खपल्या आल्या. प्रवृत्ती नसलेल्यांना आल्या नाहीत. म्हणून एकाच घरात, एकच साबण वापरणाऱ्या दोघा भावंडांपैकी एकालाच कोंडा असू शकतो. त्यात कुणाच्या अस्वच्छतेचा दोष काढू नये.

चिडलेली त्वचा घाईने पेशी टाकू लागते. एरवी त्वचेची पेशी खालच्या थरात जन्मून वर येऊन गळेपर्यंत साधारण महिना जातो, आणि ती एकेकटी, डोळ्यांना न दिसता गळते. कोंड्यात हा प्रवास लवकर उरकतो. पेशी एकमेकींपासून नीट सुटलेल्या नसतात, त्यामुळे झुबक्याने निघतात. आपल्याला दिसते ती पांढरी खपली म्हणजे हा झुबका.

तेलाचा प्रश्न इथे येतो. खोबरेल तेलाविषयी मला वावडं नाही. त्यातलं जवळजवळ निम्मं स्निग्धाम्ल लॉरिक आम्ल असतं, त्याचे रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे ते केसात आत शिरतं. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं की खोबरेल तेल लावल्यावर केसांमधलं प्रथिन धुण्यात कमी जातं. सूर्यफुलाच्या तेलाने किंवा खनिज तेलाने तसं होत नाही. सुट्या केसांच्या लांबीला ते जरूर लावावं. पण कोंडा झालेल्या डोक्याच्या त्वचेवर तेल म्हणजे त्या यीस्टला पंगत. लॉक्समध्ये तर ते तेल निघता निघत नाही, धुळीला धरून बसतं.

अर्थात प्रत्येक खपली म्हणजे कोंडा नव्हे. हिवाळ्यात किंवा कडक शाम्पूने नुसती कोरडी पडलेली त्वचा बारीक, सुट्या, पांढऱ्या खपल्या टाकते. तिथे सौम्य शाम्पू आणि थोडा ओलावा पुरतो. कोंडा वाढला की खपल्या पिवळट, तेलकट होतात, भुवयांत, नाकाच्या कडेला, कानामागेही दिसतात. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर लाली पटकन दिसत नाही, त्याऐवजी कधी फिकट चट्टे उठतात. जाड, चंदेरी, कपाळाच्या रेषेबाहेर उतरणारे थर असतील तर सोरायसिस या त्वचारोगाचा विचार करावा लागतो. आणि शाळकरी मुलाच्या डोक्यावर खपल्यांसोबत गोल चकंदळ्यात केस तुटलेले दिसले, तर तो बहुधा गजकर्ण असतो. तो नुसत्या शाम्पूने जात नाही, पोटातून औषध घ्यावं लागतं. या शेवटच्या दोन बाबतींत घरी प्रयोग करत बसू नये.

मग लॉक्स असलेल्या डोक्याला धुवायचं कसं? कुरळे आणि कोरडे केस असतील तर आठवड्यातून एकदा, तेलकट त्वचा असेल तर दोनदा. शाम्पू पातळ, पारदर्शक निवडावा. मलईदार कंडिशनर आणि मेण यांच्यापासून लांब राहावं. लॉक्स बसवायला मधमाशीचं मेण लावायची एक पद्धत आहे. ते पाण्यात विरघळत नाही आणि वितळतं साठ अंशांच्या वर. एवढं गरम पाणी डोक्यावर कुणी घेऊ शकत नाही. म्हणजे एकदा आत गेलेलं मेण आतच राहतं.

साबणाच्या वडीचंही तसंच. मराठवाड्यातल्या किंवा पुण्याच्या उपनगरांतल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. त्यांच्याशी संयोग झाला की साबणाचा चिकट, राखाडी साका तयार होतो. बादलीच्या कडेला जो थर बसतो तोच लॉकच्या गाभ्यातही बसतो. शाम्पूचा फेस जड पाण्यात असा साकळत नाही. शिकेकाई-रिठ्याचा नुसता गाळलेला काढा चालेल; भुकटी मात्र अजिबात नको, तिचे कण लॉकमधून निघत नाहीत.

कोंडा असेल तर दोन टक्के कीटोकोनाझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू सहसा उपयोगी पडतो. तो केसांवर ओतून फेस काढण्यात अर्थ नाही. निमुळत्या तोंडाच्या बाटलीत थोड्या पाण्यात मिसळून घ्यावा. दोन लॉक्सच्या मधे त्वचेची जी पट्टी दिसते, तिच्यावर बाटलीचं तोंड टेकवत कपाळाकडून मानेकडे एकेक रांग भिजवावी. बोटांच्या पेरांनी, नखं न लावता, चोळावं. लॉक डाव्या हाताने उचलून धरला की त्याच्या बुडाशी, जिथे केस त्वचेतून निघतो, तिथे खपल्यांची कडी चिकटलेली दिसते. ती खरवडली तर सुटलेले तुकडे वर लॉकमध्ये चढतात आणि तिथे अडकतात, म्हणून ओली होऊन आपसूक सुटू द्यावी. थर फार जाड असेल तर सॅलिसिलिक आम्लाचा शाम्पू आधी वापरला की ती मऊ पडते. औषधी शाम्पू तीन ते पाच मिनिटं त्वचेवर राहू द्यावा. बहुतेकांचं इथेच चुकतं. लावला आणि लगेच धुतला, तर औषधाला वेळच मिळत नाही. आठवड्यातून दोनदा असं दोन ते चार आठवडे करावं आणि नंतर कोंडा परतू नये म्हणून आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकदा. ही यीस्ट कायमची जात नाही, तिला आटोक्यात ठेवायचं असतं.

त्यानंतरचं खळबळणं धुण्याइतकंच महत्त्वाचं. प्रत्येक लॉक मुठीत धरून वरून खाली पिळत जावं, गळणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर वापरून लॉक्सची 'सफाई' करायचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्वचेचा पीएच साडेपाचच्या आसपास असतो, सोड्याच्या पाण्याचा आठच्या वर. अशा पाण्यात केस फुगतो, खवले उघडतात, आतला मळ सुटतो हे खरं. पण केस खरखरीत होतो आणि चिडलेली त्वचा आणखी चिडते. वर्षातून एखाद्या वेळी, फक्त केसांच्या लांबीवर, ठीक. कोंड्यावर लिंबू चोळून उन्हात बसणं मात्र मी कुणालाच सुचवणार नाही. लिंबाच्या रसातली काही द्रव्यं उन्हात त्वचा भाजून काढतात, डाग महिनोन्महिने राहतात.

वाळवण्याबद्दल थोडं ठासून सांगायला हवं. केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के पाणी शोषू शकतो, आणि जाड लॉकच्या गाभ्यात वारा पोचत नाही. म्हणून सकाळी धुवावं, रात्री कधीच नाही. जुन्या सुती साडीत किंवा पंच्यात गुंडाळून दाबून पाणी काढावं, मग ऊन, पंखा, नाहीतर थंड हवेवर ड्रायर. ओल्या लॉक्सवर हेल्मेट चढवून निघू नये. कोकणात आणि गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी दमट असते की जाड लॉक्स दिवसभरात वाळत नाहीत. तिथे पावसाळ्यात ड्रायरला पर्याय नाही, आणि मुळात बारीक लॉक्स ठेवलेले बरे. लॉक नाकाशी धरून दाबला आणि पावसाळ्यातल्या न वाळलेल्या गोधडीचा कुबट वास आला, तर आत बुरशी धरू लागली आहे असं समजावं. गाभा काळपट पडला असेल तर तो लॉक कापणंच शहाणपणाचं.

हे सगळं हौसेने लॉक्स ठेवलेल्यांसाठी. आपल्याकडे हौस नसताना जट वाहणाऱ्या बायकाही आहेत, त्यांना वगळून हा लेख संपवणं मला जमणार नाही. बाळंतपणात, लांबलेल्या तापात, मन खचलेलं असताना काही आठवडे केस विंचरले जात नाहीत, आणि वर सांगितलेल्या त्याच नियमाने केस जटतात. मग कुणीतरी सांगतं, ही देवीची जट आहे, यल्लम्माचं बोलावणं आहे. हिला कात्री लावायची नाही, कंगवा लावायचा नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्यामागे अनेकदा अशी जट हेच निमित्त असे. कर्नाटकाने १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदे केले, तरी जटेची भीती घराघरांत टिकून आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन, त्या बाईची आणि घरच्यांची समजूत काढून जट सोडवतात.

युरोपातही हेच होतं. पोलंडमध्ये जट हा शरीरातल्या आजाराचा बाहेर पडलेला अंश मानत. ती कापली तर माणूस आंधळा होईल किंवा वेडा होईल असं सांगत. क्राकोचे डॉक्टर यूझेफ डिट्ल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रुग्णांची पाहणी करून दाखवून दिलं की हा आजार नाही, केसांची निगा न राखल्याचा परिणाम आहे, आणि कापल्याने काहीही वाईट होत नाही. भीतीचं रूप वेगळं, गुंता तोच.

जड जटेखाली उवा, जखमा, पू, मानेचं दुखणं हे सगळं लपलेलं असू शकतं. जट लहान आणि ताजी असेल तर भरपूर तेल किंवा कंडिशनर लावून, टोकाकडून वर येत, बोटांनी ती कधीकधी सुटते. तेलाचा खरा उपयोग इथे होतो. जुनी असेल तर त्वचेपासून थोडं अंतर राखून कापावी, म्हणजे त्वचेला इजा होत नाही आणि डोक्यावर केस उरतात. कापल्यावर लगेच औषधी शाम्पू नको. पहिलं न्हाणं कोमट पाण्याने आणि सौम्य शाम्पूने. उवा असतील तर एक टक्का परमेथ्रिन हे उवा मारणारं औषध, आणि लिखांतून नव्या उवा निघतात म्हणून सात ते दहा दिवसांनी पुन्हा एकदा. घरातल्या इतरांची डोकीही त्याच दिवशी पाहून घ्यावीत. जखमा चिघळल्या असतील किंवा मानेत गाठी लागत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवावं. कोंड्याचं पाहायला पुढे वेळ असतो.