कॅमेऱ्यासमोरची अहिंसा

१९६१ च्या डिसेंबरात मार्टिन ल्यूथर किंग वंशभेदाविरुद्धच्या आंदोलनासाठी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, ऑल्बनी शहरात पोहोचले. तिथले पोलिसप्रमुख लॉरी प्रिचेट गृहपाठ करून बसले होते. किंग यांनी लढण्याची रीत गांधींकडून घेतली आहे आणि तिचा एक भाग म्हणजे तुरुंग भरून टाकणं, हे त्यांनी वाचून काढलं होतं. त्यांनी आसपासच्या गावांतले तुरुंग आधीच बोलून ठेवले आणि शिपायांना ताकीद दिली, लोकांदेखत काठी उगारायची नाही. शेकडो कृष्णवर्णीय निदर्शकांना अटक झाली, तीही अदबीनं. फोटो काढावा असं काही घडेचना. बातमीदार कंटाळले आणि १९६२ च्या ऑगस्टमध्ये किंग जवळजवळ रिकाम्या हातानं परतले. त्याच उन्हाळ्यात जवळच्या कॅमिला गावी, तुरुंगाबाहेर, कैद्यांना भेटायला आलेल्या एका गर्भवती स्त्रीला पोलिसांनी मारहाण केली होती. पण तिथं कॅमेरा नव्हता.

पुढच्याच वर्षी अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये गाठ पडली ती तिथलं पोलीस खातं सांभाळणाऱ्या बुल कॉनर यांच्याशी. हा माणूस प्रिचेट यांच्या अगदी उलट. ३ मे १९६३ रोजी त्यांनी शाळकरी मुलांच्या मोर्चावर पाण्याचे बंब आणि कुत्री सोडली. ती छायाचित्रं जगभर गेली. ११ जूनला अध्यक्ष केनेडी नागरी हक्कांच्या कायद्याबद्दल टीव्हीवरून बोलले आणि २ जुलै १९६४ रोजी तो कायदा झाला. दोन्ही शहरांत आंदोलक निःशस्त्रच होते, वागले मात्र पोलीस वेगवेगळे.

अहिंसक आंदोलन यशस्वी होतं का, हा वाद अजून मिटलेला नाही. तो घालताना आपण आंदोलकांच्या हातांकडे बघतो. ते हात कोणी, कुठून आणि कोणत्या मथळ्याखाली पाहिले, हे सहसा मोजलं जात नाही. ओमर वासो या राज्यशास्त्रज्ञानं ते मोजायचा प्रयत्न केला. १९६० ते १९७२ या काळातली कृष्णवर्णीयांची आंदोलनं, त्यांच्या बातम्या आणि मतदान त्यांनी एकत्र तपासलं. अहिंसक आंदोलनांमुळे, विशेषतः त्यांच्यावर पोलीस किंवा जमाव तुटून पडला तेव्हा, बातम्या ‘हक्कां’विषयी झाल्या. अशा आंदोलनांजवळच्या भागांत केनेडींच्या डेमोक्रॅटिक पक्षाची मतं १.६ ते २.५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आंदोलकांनीच हिंसा सुरू केली तिथं चर्चा ‘दंगल’ आणि ‘कायदा-सुव्यवस्था’ यांकडे वळली.

पण हिंसेमुळेच मतं फिरली कशावरून? जिथं मतदार आधीच नाराज होते तिथंच दंगली झाल्या असतील तर? या शंकेला वासो यांनी उत्तर शोधलं ते पावसात. ४ एप्रिल १९६८ ला किंग यांची हत्या झाली आणि शहरं पेटली. जिथं त्या दिवसांत पाऊस पडला तिथं माणसं घरात राहिली, जाळपोळ कमी झाली. पाऊस काही कोणाचा पक्ष पाहून पडत नाही, त्यामुळे कोरड्या आणि ओल्या भागांतल्या नोव्हेंबरच्या मतदानाची तुलना हा जवळजवळ प्रयोगच ठरला. हिंसक निदर्शनांमुळे गोऱ्या मतदारांची १.५ ते ७.९ टक्के मतं विरोधी रिपब्लिकन पक्षाकडे सरकली असावीत, असा त्यांचा अंदाज निघाला. दोन टोकांतलं अंतर मोठं आहे, हे खरं. दिशा मात्र एकच.

मग बातमी आंदोलकांच्या वागण्याचा आरसा असते का? १९६८ सालच्याच लंडनमध्ये याचं उलटं उदाहरण सापडतं. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मार्चमध्ये निघालेल्या मोर्चात अमेरिकी वकिलातीसमोर जोरदार चकमक झाली होती. त्यामुळे २७ ऑक्टोबरच्या मोर्चाआधी कित्येक आठवडे वृत्तपत्रं हिंसाचाराचं भाकीत करत होती. प्रत्यक्षात प्रचंड मोर्चा शांततेत पार पडला. एक छोटा गट फुटून वकिलातीकडे गेला, तिथं झटापट झाली आणि बातम्यांचा केंद्रबिंदू तीच झटापट ठरली. लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी या वार्तांकनाचा अभ्यास १९७० मध्ये प्रसिद्ध केला. यात कारस्थान शोधायची गरज नाही. काय घडणार हे आधी ठरलं की बातमीदार आणि कॅमेरे त्या जागी उभे राहतात, आणि जिथं कॅमेरा उभा असतो तिथलंच चित्र मिळतं. मराठीतही साचे तयारच असतात: ‘हिंसक वळण’, ‘गालबोट’, ‘वाहतुकीचा खोळंबा’. मागणी काय होती हे शोधायला बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात जावं लागतं.

आता या वादातला सर्वांत प्रसिद्ध आकडा. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या राज्यशास्त्रज्ञांनी राजवट उलथवण्यासाठी किंवा स्वातंत्र्यासाठी झालेल्या, १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोहिमा तपासल्या. अहिंसक मोहिमांपैकी ५३ टक्के यशस्वी झाल्या, हिंसक मोहिमांपैकी २६ टक्के. अहिंसक लढ्यात म्हातारीकोतारी, बायामुलं, नोकरदार असे सगळे उतरू शकतात, आणि समोर आपलीच माणसं दिसल्यावर शिपायाचा हात कचरतो, असं त्यांचं स्पष्टीकरण आहे. ते मला पटतं. आकड्याबद्दल मात्र थोडं थांबावंसं वाटतं, कारण यादीत ‘अहिंसक’ म्हणजे ‘प्रामुख्यानं अहिंसक’. मोहम्मद अली कदिवर आणि नील केचली यांनी २०१८ मध्ये दाखवलं की लोकशाही आणणाऱ्या अनेक निःशस्त्र चळवळींत दगडफेक आणि पेट्रोलबॉम्बही होते. शिवाय २०१० नंतरच्या दशकात अहिंसक मोहिमांच्या यशाचं प्रमाण ३४ टक्क्यांच्या खाली घसरलं, हे खुद्द चेनोवेथ यांनीच नोंदवलं आहे. उलट १९९२ च्या लॉस एंजेलिसमधल्या दंगलीनंतर तिथल्या मतदारांचा सरकारी शाळांवरच्या खर्चाला असलेला पाठिंबा वाढल्याचं एका अभ्यासात दिसलं. वासो यांच्या निष्कर्षाशी ते सरळ जुळत नाही, आणि जुळवायची घाईही करू नये.

हिंसा कशाला म्हणायचं, हा पेच डॅन कहान आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या प्रयोगात अगदी उघडा पडतो. त्यांनी २०२ अमेरिकनांना एका निदर्शनाची चित्रफीत दाखवली. निम्म्यांना सांगितलं, हे लोक गर्भपात केंद्रासमोर गर्भपाताला विरोध करत आहेत. उरलेल्यांना सांगितलं, हे लोक लष्कराच्या भरती केंद्रासमोर आहेत आणि समलिंगींवरच्या बंदीचा निषेध करत आहेत. मग विचारलं, निदर्शकांनी कोणाची वाट अडवली का? कोणाला धमकावलं का? पोलिसांनी त्यांना हटवलं ते योग्य होतं का? उत्तरं प्रेक्षकांच्या विचारसरणीप्रमाणे बदलत गेली. ज्यांना कारण पटलं त्यांना शांत निदर्शनं दिसली, ज्यांना पटलं नाही त्यांना दांडगाई दिसली. चित्रफीत सगळ्यांनी एकच पाहिली होती.

त्यानंतर दहा वर्षांनी डेव्होरा मॅनेकिन आणि तमार मिट्स यांनी कृती तीच ठेवून फक्त आंदोलक कोण हे बदललं. ते अल्पसंख्याक वंशगटातले आहेत असं कळलं की तीच अहिंसक कृती लोकांना जास्त हिंसक वाटत होती.