रिपोर्टमधले डावे-उजवे कोणाचे?

‘एक्स-रेमध्ये हृदय उजवीकडे दिसले, तर फिल्म उलटी छापली आहे असे समजावे,’ अशा आशयाचा संदेश घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. शंका स्वाभाविक आहे, कारण रिपोर्टमध्ये ‘डावे फुफ्फुस’ लिहिलेले असते आणि डाग मात्र आपल्या उजव्या हाताकडे दिसतो.

वैद्यकीय लिखाणात डावे-उजवे नेहमी रुग्णाचे धरतात, पाहणाऱ्याचे नव्हे. छातीची फिल्म रुग्ण आपल्याकडे तोंड करून उभा आहे अशा रीतीने पाहायची असते, त्यामुळे त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. सीटी स्कॅनचे आडवे छेदही उताण्या झोपलेल्या रुग्णाकडे पायांच्या बाजूने पाहावे तसे मांडलेले असतात. म्हणून यकृत, जे जवळजवळ सर्वांच्या उजव्या कुशीत असते, चित्रात डावीकडे दिसते.

पडताळा घरीच घेता येतो. जुनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून ‘एल’ किंवा ‘आर’ ही खूण शोधावी. ती रुग्णाची बाजू सांगते. हृदयाचे निमुळते टोक रुग्णाच्या डावीकडे झुकलेले असते आणि छाती आणि पोट वेगळे करणाऱ्या पडद्याच्या डाव्या भागाखाली जठरातील हवेचा काळसर फुगाही बहुधा दिसतो. फार थोड्या व्यक्तींचे हृदय जन्मतःच उजवीकडे असते. खूण आणि अवयव यांचा मेळ बसत नसेल, तर फिल्म स्वतः उलटसुलट करून अर्थ लावण्यापेक्षा त्याच सेंटरच्या रेडिओलॉजिस्टला विचारावे.