घरामागच्या बागेतलं प्लमचं झाड: रोप नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

आमच्या रोपवाटिकेतून प्लमचं कलम नेणाऱ्या, ब्रिटनमधल्या मराठी घरांसाठी हे पत्रक आहे. रोपासोबत दिलेलं हे पान फेकू नका. यातल्या छाटणीच्या सूचनेची गरज दोन-तीन वर्षांनी पडते आणि नेमकी तेव्हाच ती आठवत नाही.

जात आणि खुंट

एकच झाड लावायचं असेल तर व्हिक्टोरिया घ्या. 1840च्या दशकात ससेक्समधून पुढे आलेली ही जात स्वपरागी आहे, म्हणजे जोडीला दुसरं झाड लागत नाही. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, साधारण गणपतीच्या आसपास ती पिकते, त्यामुळे नैवेद्याच्या ताटात घरचं फळ ठेवता येतं. लवकर फळ हवं असेल तर ओपल, उशिरा हवं असेल तर मार्जरीज सीडलिंग. बाग उत्तरेकडे, ऊन कमी, आणि फळ मुख्यतः चटणी-मुरांब्यासाठी हवं असेल तर झार. हिमाचलहून आपल्या बाजारात येणारा लालबुंद, रसाळ आलुबुखार बहुतेक जपानी गटातला असतो. इथलं युरोपीय फळ गराला घट्ट आणि चवीला वेगळं लागतं, हे मनात धरूनच जात निवडा.

जातीइतकंच महत्त्व खुंटाला, म्हणजे ज्या मुळांच्या झाडावर कलम बांधलेलं असतं त्याला आहे. सेंट ज्युलियन ए या खुंटावरचं झाड चार मीटरच्या आसपास जातं. पिक्सीवरचं अडीच-तीन मीटरवर थांबतं, पण त्याला चांगली माती, नियमित पाणी आणि कायमचा आधाराचा खांब लागतो. टेरेस घराच्या चिंचोळ्या बागेसाठी पिक्सीच बरा.

लावणी

उघड्या मुळांची रोपं नोव्हेंबर ते मार्च या काळात लावतात. रोप घरी आणल्यावर मुळं तासभरही उघडी सुकू देऊ नका. लावताना कलमाची जोड, म्हणजे बुंध्यावरचा तो फुगीर बाक, मातीच्या वर राहिलाच पाहिजे. गाडला गेला तर वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटतात आणि खुंटाने दिलेलं बुटकेपण हातचं जातं. लंडनच्या चिकणमातीत पाणी साचत असेल तर जागा बदला किंवा वाफा उंच करा, कारण प्लमला पाय ओले ठेवलेले चालत नाहीत. बुंध्याभोवती मीटरभर गवत वाढू देऊ नका. हिवाळा संपता संपता कुजलेलं शेणखत पसरा, पण ते खोडाला टेकवू नका.

छाटणी: सगळ्यांत जास्त लक्ष इथे द्या

शेजारी सफरचंदाचं झाड जानेवारीत छाटतात. ते पाहून आपणही कात्री घेऊन प्लमकडे वळतो, आणि बागेतल्या प्लमचं सर्वाधिक नुकसान याच सवयीने होतं. सिल्व्हर लीफ नावाचा, पानं रुपेरी करणारा रोग आणणाऱ्या बुरशीचे बीजाणू शरद आणि हिवाळ्यात जास्त उडतात आणि ताज्या कापातून लाकडात शिरतात. झाड वाढीला लागलेलं असताना, उन्हाळ्यात, जखम लवकर भरून येते. म्हणून वाढलेल्या झाडाची छाटणी जून ते ऑगस्टमध्येच आणि कोरड्या दिवशी करा. मेलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि मधोमध दाटी करणाऱ्या फांद्या काढल्या की पुरे. प्लमला दरवर्षी मोठी छाटणी लागत नाही.

पानांवर रुपेरी झाक दिसली तर लगेच घाबरू नका. पाणी किंवा अन्न कमी पडल्यानेही पानं रुपेरी होतात. तेव्हा ती झाक साऱ्या झाडावर एकदम येते. खरा रोग बहुधा एका फांदीपासून सुरू होतो. त्या फांदीचा इंचभर जाडीचा भाग कापा आणि काप ओला करून पाहा. आतल्या लाकडात वेडावाकडा तपकिरी डाग उमटला तर तो रोगच. डाग संपतो तिथून आणखी 15 सेंटीमीटर मागे निरोगी लाकडात फांदी कापा आणि कापलेली फांदी जाळून टाका.

फूल आणि फळ

झाड साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळायला लागतं. फुलं मार्चअखेर ते एप्रिलमध्ये येतात आणि रात्रीच्या फ्रॉस्टने एका झटक्यात काळी पडू शकतात. तसा अंदाज असेल तेव्हा लहान झाडावर संध्याकाळी फ्लीस, म्हणजे झाडं झाकायचं पातळ कापड टाका. सकाळी ते न विसरता काढा, नाहीतर मधमाश्यांना फुलांपर्यंत वाट राहत नाही.

व्हिक्टोरिया अंगाबाहेर फळते. जूनमध्ये काही फळं आपोआप गळतात, तरी उरलेल्यांची विरळणी करावीच लागते. दोन फळांत पाच ते आठ सेंटीमीटर अंतर ठेवा. आधी डागाळलेली, वाकडी फळं खुडा. हिरवी फळं तोडताना जीव तुटतो, ते आम्ही समजू शकतो. पण तोडली नाहीत तर फळ बारीक आणि पाणचट निघतं, पुढच्या वर्षी झाड रुसतं, आणि वजनाने मोडलेल्या फांदीच्या जखमेतून तीच बुरशी आत जाते. विरळणीनंतरही फांदी वाकत असेल तर बेचक्याचा टेकू द्या.

पिकलेल्या फळात बीभोवती गुलाबी अळी आणि काळपट विष्ठा दिसली तर ती प्लम मॉथ या पतंगाची. मे महिन्यात कामगंध सापळा, म्हणजे मादीसारख्या गंधाने नर पतंगांना ओढणारा सापळा टांगा. त्यात फक्त नर सापडतात, त्यामुळे एकट्या झाडावर त्याचा उपयोग जास्त होतो; शेजारीपाजारी प्लमची झाडं असतील तर उपयोग कमी. फांदीवर सुकून चिकटलेली कुजकी फळं हिवाळ्याआधी हाताने काढून टाका. बुंध्यापासून निघणारे खुंटाचे फुटवे कोवळे असतानाच ओढून उपटा. कापले तर दुपटीने येतात.

फळ हलकं दाबल्यावर बोट जरा रुतलं आणि देठ अलगद सुटला की काढा. सगळी फळं एकदम पिकत नाहीत, दोन-तीन तोडे होतात. गांधीलमाश्या असतात, म्हणून हात घालण्याआधी फळ मागून पाहून घ्या.

पुण्या-मुंबईला नातेवाइकांकडे रोप न्यायचं आहे, असं अनेक जण विचारतात. नेऊ नका. या झाडाला हिवाळ्यात कित्येक आठवड्यांची सलग थंडी लागते, ती तिथे मिळत नाही. शिवाय परवाना आणि रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय भारतात रोप नेता येत नाही.

झाडाबद्दल शंका आली तर पानाच्या दोन्ही बाजूंचा, फांदीच्या कापाचा आणि बुंध्याच्या जोडाचा फोटो आम्हाला पाठवा. जात आणि खुंट रोपाच्या चिठ्ठीवर लिहिलेले आहेत, तेही कळवा.